टॅब की स्पेस हा वाद एका बैठकीत मिटवा, मग नावांवर भांडा

आमच्या दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा १,१४६ ओळी बदललेली पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती, आली होती. त्यातल्या १,१४५ ओळींत खरं तर काहीच झालं नव्हतं. पाठवणाऱ्याच्या एडिटरनं फाइल सेव्ह करताना सगळ्या टॅबच्या स्पेस केल्या होत्या आणि एकेरी अवतरणचिन्हांची दुहेरी. उरलेली एक ओळ मात्र खरी होती. बिलाच्या शेवटी एकदाच होणारं रुपयांचं राउंडिंग आता प्रत्येक नोंदीला होऊ लागलं होतं, आणि तेही खालच्या रुपयाला. मी ती रिक्वेस्ट वरपासून खालपर्यंत सरकवली, हिरवा-तांबडा रंग बघून डोळे शिणले आणि मंजूर करून टाकली.

सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला दोन नोंदी, दहा दिवसांचं बिल, म्हणजे वीस नोंदी. दर नोंदीला सरासरी पन्नास पैसे गेले तर बिलामागे दहा रुपये. आमच्या टेस्टना ते कळलं नाही, आम्हालाही नाही. एका आजींना कळलं. त्यांच्याकडे एकच गाय. वीस पावत्या रबरबँडमध्ये बांधून त्या केंद्रावर आल्या आणि म्हणाल्या, "बेरीज कर रे बाळा, माझ्यासमोर कर."

कोड कसा लिहायचा हे ठरवायला आम्ही त्यानंतर बसलो. तुम्ही त्याआधी बसा. चार ते दहा जणांचा गट, एक रिपॉझिटरी (सगळा कोड आणि त्याचा इतिहास राहतो ती जागा) आणि पहिल्यांदाच असं काही ठरवणारी माणसं, असं धरून पुढचं लिहितोय. (कोडमधली नावंही इथे देवनागरीत दिली आहेत, तुमच्या फाइलमध्ये ती रोमनमध्ये असतील.)

१. आधी आहे ते बघा

नियम लिहायला घेण्याआधी अर्धा तास कोड वाचा. किती फाइलींत टॅब आहेत, किती फाइलींत स्पेस, नावं अंडरस्कोरनं जोडली आहेत की मधलं अक्षर कॅपिटल करून? जे आधीच सत्तर-ऐंशी टक्के ठिकाणी आहे तोच नियम करा, तो तुम्हाला आवडत नसला तरी. कमी कोड हलवावा लागतो, हे एवढं एकच कारण त्याला पुरेसं आहे.

कोरी पाटी असेल तर आणखी सोपं. त्या भाषेचा जो सर्वमान्य रिवाज आहे तो उचला. पायथनसाठी पेप ८ हे २००१ सालचं टिपण आहे: चार स्पेसचं इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा), ओळ ७९ अक्षरांची, आणि गटाचं एकमत असेल तर ९९ पर्यंत सूट. गो भाषेत तर निवडीला जागाच नाही, तिथे टॅब. लिनक्स कर्नलमध्येही टॅब, तोही आठ अक्षरं रुंद, आणि तीनपेक्षा जास्त पातळ्या आत जावं लागत असेल तर दोष तुमच्या फंक्शनचा, असं त्यांचं मार्गदर्शक स्पष्ट सांगतं. पायथनमध्ये आलेल्या नव्या माणसाला पेप ८ आधीच माहीत असतं, त्यामुळे त्याला तुमचा नियम शिकवावा लागत नाही.

२. सगळ्या प्रश्नांचे तीन ढीग करा

पहिल्या ढिगात यंत्र स्वतः दुरुस्त करू शकतं ते: इंडेंटेशन, ओळीची लांबी, अवतरणचिन्हं, यादीतल्या शेवटच्या घटकापुढचा स्वल्पविराम, इम्पोर्टचा क्रम.

दुसऱ्यात यंत्र दाखवू शकतं, पण दुरुस्त माणसानं करायचं ते: न वापरलेलं व्हेरिएबल, गिळून टाकलेला एरर, कंसाशिवायचं 'इफ'.

तिसऱ्यात यंत्राला ज्यातलं काही कळत नाही ते: नावं, फाइलींची मांडणी, कॉमेंट कुठल्या भाषेत लिहायची.

बहुतेक गट पहिल्या ढिगावर तासन्‌तास घालवतात आणि तिसऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. पहिल्यावर प्रत्येकाचं मत असतं आणि ते मांडायला काहीच कष्ट पडत नाहीत. तिसऱ्यासाठी धंदा समजून घ्यावा लागतो.

३. पहिला ढीग फॉर्मॅटरच्या हवाली करा

फॉर्मॅटर म्हणजे कोडची मांडणी आपोआप एका शैलीत करून देणारा प्रोग्राम. पायथनला ब्लॅक किंवा रफ, जावास्क्रिप्टला प्रिटियर, गोला गोफम्ट. एक निवडा आणि त्याच्या मूळ सेटिंगला हात लावू नका. सेटिंग बदलता येतं म्हटलं की ते कुठलं असावं यावर पुन्हा बैठक लागते. ब्लॅक २०१८ साली आलं तेच मुळी मोजके पर्याय घेऊन. ओळीची लांबी त्यानं ८८ धरली. गोफम्टमध्ये तर शैलीचा पर्यायच नाही. गोच्या कर्त्यांपैकी रॉब पाइक यांचं म्हणणं असं की गोफम्टची शैली कुणाच्याच आवडीची नाही, पण गोफम्ट सगळ्यांच्या आवडीचं आहे. मला हे पटायला दोन वर्षं लागली, कारण मला एकेरी अवतरणचिन्हं आवडायची.

ओळीच्या लांबीवर कुणी अडून बसलं तर त्याला एवढंच सांगा की ८० हा आकडा १९२८ च्या आयबीएमच्या पंच कार्डावरून आलाय. त्या कार्डावर ८० रकाने असायचे. कर्नलवाल्यांच्या तपासणी स्क्रिप्टनंही २०२० मध्ये इशाऱ्याची मर्यादा १०० वर नेली. ८०, ८८, १०० यातलं काहीही चालेल. दोन फाइली शेजारी-शेजारी उघडल्या तर लॅपटॉपवर मावतात का, एवढं बघा.

टॅबच्या बाजूनं एक मुद्दा मात्र ऐकून घ्या. टॅब किती रुंद दिसावा हे वाचणाऱ्याला आपल्या एडिटरमध्ये ठरवता येतं. कमी दिसणाऱ्या किंवा ब्रेल डिस्प्ले वापरणाऱ्या सहकाऱ्याला त्यानं खरंच फरक पडतो. तुमच्या गटात असं कुणी असेल तर वाद तिथेच संपला. पायथनमध्ये दोन्हींची सरमिसळ तेवढी करू नका. पायथन ३ ला खोली नक्की कळली नाही तर ते प्रोग्राम चालवायलाच नकार देतं.

४. बैठक: पाऊण तास, आणि थोरल्यानं शेवटी बोलायचं

आपल्याकडे बैठकीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. सर म्हणतात, "मला वाटतं दोन स्पेस बऱ्या," आणि कालच रुजू झालेली मुलगी म्हणते, "हो सर, चालेल." तिनं कॉलेजभर चारच वापरलेल्या असतात आणि पुढेही ती चारच वापरणार असते. म्हणून मतं आधी लेखी घ्या. प्रश्न दहा-बाराच असावेत. प्रत्येकानं एकमेकांची उत्तरं न बघता आपली पाठवायची. सगळ्यांचं उत्तर एक आलं तो प्रश्न संपला, त्यावर बैठकीत बोलायचं नाही. आमच्याकडे अकरापैकी सात असेच निकालात निघाले.

उरलेल्या प्रत्येकाला पाच मिनिटं. घड्याळ लावा, मोबाइलवरचं चालेल. थोरली माणसं शेवटी बोलतील. पाच मिनिटांत जमलं नाही तर आधीच नेमलेल्या एकानं निर्णय द्यायचा, आणि तो माणूस शक्यतो गटातला सर्वांत ज्येष्ठ नसावा. आम्ही एकदा नाणंही उडवलंय. दोन्ही बाजूंनी जेमतेम सारखंच वजन असेल तर नाण्याचा निकाल कुणाच्या जिव्हारी लागत नाही, आणि दादा हरले असंही होत नाही.

निर्णय एका पानात लिहा. प्रत्येक नियमापुढे कारणाची एक ओळ असू द्या, वर्षभरानं येणारा माणूस "असं का?" विचारेल तेव्हा तुम्हाला स्वतःलाच आठवणार नाही.

५. ठरलेलं फाइलींत उतरवा

तोंडी ठरलेला नियम पंधरा दिवस टिकतो. चार गोष्टी रिपॉझिटरीत घाला.

डॉट एडिटरकॉन्फिग नावाची फाइल: इंडेंटेशन, ओळीचा शेवट, यूटीएफ-८, ओळीअखेरची फालतू स्पेस काढणं. बरेचसे एडिटर ती थेट वाचतात, काहींना प्लगइन लागतं. आमची आजींची पुल रिक्वेस्ट या एका फाइलनं निम्मी तरी झाली असती.

फॉर्मॅटरची आवृत्ती पक्की करा. हे नवखे विसरतात. ब्लॅक आपली शैली वर्षाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत थोडी बदलू शकतं. एकाकडे जुनं आणि दुसऱ्याकडे नवं असेल तर तीच फाइल रोज सकाळी एका पद्धतीची आणि संध्याकाळी दुसऱ्या पद्धतीची होत राहते.

प्री-कमिट हुक, म्हणजे कमिट करण्याआधी (बदल इतिहासात नोंदवण्याआधी) फॉर्मॅटर आपोआप चालेल. आणि सीआयमध्ये, म्हणजे कोड पाठवला की सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत, तीच तपासणी पुन्हा, कारण हुक बसवायला कुणीतरी विसरतंच. यंत्रानं नापास केलं तर राग यंत्रावर निघतो, शेजारच्या खुर्चीवर नाही.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही वापरणारे असाल तर डॉट गिटॲट्रिब्यूट्स फाइलही लागेल. विंडोज ओळ संपवताना दोन अदृश्य अक्षरं घालतं, लिनक्स आणि मॅक एकच. ही सोय नसेल तर एका अक्षराचा बदल अख्खी फाइल बदलल्यासारखा दिसतो.

६. जुना कोड एकाच दमात

फॉर्मॅटर जुन्या कोडवर एकदाच, सगळ्यावर, वेगळ्या कमिटमध्ये चालवा. त्या कमिटमध्ये दुसरं काहीही नको, टायपोची दुरुस्तीसुद्धा नको. दिवस असा निवडा की उघड्या ब्रँच (मुख्य कोडमध्ये अजून न मिळवलेलं काम) कमीत कमी असतील. आम्ही गणपतीच्या सुट्टीआधीचा शुक्रवार धरला होता.

"मग गिट ब्लेममध्ये सगळ्या ओळींवर तुझंच नाव दिसेल की," असं कुणीतरी म्हणेलच. (ब्लेम म्हणजे कुठली ओळ शेवटची कुणी बदलली ते दाखवणारी गिटची आज्ञा.) ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या गिट २.२३ पासून यावर उपाय आहे. अशा कमिटचे क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे आणि ब्लेमला सांगायचं की हे वगळ. फाइलचं रुढ नाव डॉट गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्ह्ज. गिटहबचं पान ते नाव ओळखतं; आपल्या मशीनवर मात्र प्रत्येकाला सेटिंग एकदा करावं लागतं.

७. लिंटर: थोडे नियम, पण कडक

लिंटर म्हणजे दुसऱ्या ढिगातल्या चुका दाखवणारा प्रोग्राम. त्याचे सगळे नियम पहिल्या दिवशी चालू केलेत तर हजार इशारे येतील आणि कुणी एकही वाचणार नाही. पाच-सातच घ्या, पण ते मोडले तर बिल्ड पडलंच पाहिजे.

एक नियम तर डोळे झाकून घ्या: सी किंवा जावास्क्रिप्टसारख्या भाषेत 'इफ'ची एकच ओळ असली तरी महिरपी कंस हवाच. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' (म्हणजे थेट 'फेल'कडे उडी मार) ही ओळ चुकून दोनदा लागोपाठ आलेली सापडली. वरच्या 'इफ'ला कंस नव्हता. पहिली ओळ 'इफ'च्या ताब्यात होती, दुसरी मोकळी, त्यामुळे अट काहीही असो, उडी बसायचीच आणि सहीची खरी पडताळणी गाळली जायची. इंडेंटेशन बघितलं तर दोन्ही ओळी 'इफ'च्या आतच वाटतात. दुरुस्ती आयओएस ७.०.६ मधून आली. फॉर्मॅटर असता तर ती दुसरी ओळ डावीकडे सरकली असती आणि कुणाच्या तरी डोळ्याला खुपली असती.

८. आता नावं, आणि इथे घाई करू नका

पहिले दोन ढीग यंत्राकडे गेले की बैठकीचा वेळ याला द्या. आमच्या कोडमध्ये दूध घालणाऱ्या माणसाला चार नावं होती: फार्मर, मेंबर, सभासद आणि उत्पादक. चार जणांनी चार महिन्यांत लिहिलेली. कुठलं ठेवायचं म्हणून आम्ही केंद्राच्या सचिवांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, सभासद वेगळा आणि उत्पादक वेगळा. संस्थेचा शेअर नसलेलेही दूध घालतातच की." म्हणजे मेंबर हे नाव निव्वळ विसंगत नव्हतं, चूकच होतं, आणि लाभांशाच्या हिशोबात ते पुढे आम्हाला महागात पडलं असतं. शैलीची बैठक घेतली नसती तर हा प्रश्न कुणी विचारला असता असं मला वाटत नाही.

तेव्हा एक शब्दसूची करा. साधी फाइल, एका ओळीत एक शब्द: कोडमध्ये काय म्हणायचं, त्याचा नेमका अर्थ काय, आणि कुठली नावं वापरायची नाहीत. आमच्या सूचीतली एक नोंद अशी:

दर_प्रति_लिटर: फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून त्या नोंदीला लागू झालेला दर. दरपत्रकातला मूळ दर म्हणजे मूळ_दर. नुसतं 'रेट' किंवा 'प्राइस' वापरू नये.

मोजमाप नावातच घाला. 'क्वांटिटी' हे नाव वाचून लिटर कळत नाही आणि किलोही कळत नाही. गाईचं एक लिटर दूध सुमारे १.०३ किलो भरतं. काटा किलो देतो, दर लिटरला असतो. तीन टक्क्यांची चूक आकड्यात डोळ्याला दिसत नाही, म्हणून ती क्वांटिटी_लिटर किंवा क्वांटिटी_किलो अशी नावातच दिसली पाहिजे.

मराठी की इंग्रजी? आमचा तोडगा: ज्याला नेमका इंग्रजी शब्द आहे ते इंग्रजीत, नाही ते मराठीतच. 'उचल'ला अ‍ॅडव्हान्स म्हटलं तर संस्थेनं संघाकडून घेतलेल्या अ‍ॅडव्हान्सशी घोळ होत होता, म्हणून उचल ही उचलच राहिली. पण मराठी शब्द रोमनमध्ये लिहायचा म्हणजे स्पेलिंग ठरवणं आलं. 'शेतकरी'त 'टी' आणि 'के'च्या मध्ये 'ए' घालायचा की नाही, 'पाळी'तला 'ळ' एका 'एल'चा की दोनाचा? एकानं एक शोधलं आणि दुसऱ्यानं दुसरं लिहिलं की सर्चमध्ये अर्धा कोड गायब. सूचीत स्पेलिंग लिहा, वाद मिटवा.

थेट देवनागरीत व्हेरिएबलची नावं ठेवायचा मोह होतो. पायथन ३ मध्ये चालतात. गोमध्ये 'दर' चालतं आणि 'नाव' चालत नाही, कारण गो ओळखचिन्हात अक्षरं आणि अंक घेतं, काना-मात्रा त्याच्या लेखी अक्षर नाहीत. काना दिला म्हणून कंपाइल न होणारी भाषा! आम्ही रोमनवरच थांबलो.

देवनागरी डेटामध्ये मात्र एक नियम मराठी गटाला हवाच, आणि तो तुम्हाला कुठल्याही परदेशी मार्गदर्शकात मिळणार नाही. 'शेतकऱ्याचं' आणि 'शेतकर्‍याचं' हे दोन शब्द पडद्यावर सारखेच दिसतात. पहिल्यातला अर्धा र हा 'ऱ' या वेगळ्या अक्षराला हलन्त देऊन झालाय, दुसऱ्यातला साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडणारं अक्षर मिळून. वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळे येतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशन लावलं तरी ते एक होत नाहीत, आणि 'सोनाऱ्याची वाडी' शोधली तर यादी रिकामी येते. डेटा आत घेतानाच दुसरं रूप पहिल्यात बदलायचं, आणि ते काम एकाच फंक्शननं करायचं, असा आमचा नियम आहे. टेस्टमध्ये दोन्ही रूपं आहेत.

आकड्यांचंही ठरवा. पायथन ३.६ पासून मोठ्या संख्येत अंडरस्कोर घालता येतो, आणि तो कुठल्या अंकानंतर यावा याची सक्ती नाही. १_००_००० लिहायचं की १००_०००? आम्ही लाखाच्या बाजूनं. केंद्रावरचा माणूस लाखातच वाचतो आणि आम्हीही.

९. रिव्ह्यू करताना

फॉर्मॅटर बसल्यावर स्पेस आणि अवतरणचिन्हांवर हातानं एकही शेरा लिहायचा नाही. लिहावासा वाटला तर तो नियम यंत्रात घाला, नाहीतर सोडून द्या. एकच शेरा दोनदा लिहिला गेला की तो बैठकीचा विषय.

नियम मोडावासा वाटेल अशी जागा येतेच. दरपत्रकाचा फॅट-एसएनएफचा तक्ता आम्ही कोडमध्ये हातानं रकाने जुळवून लिहिला होता. फॉर्मॅटरनं तो विस्कटून लांबलचक उभा केला. त्या तुकड्यापुरता फॉर्मॅटर बंद ठेवायची सोय जवळजवळ प्रत्येकात असते. वापरा, पण शेजारी कारण लिहा. पेप ८ सुद्धा म्हणतं की वाचणं अवघड होत असेल तर नियम बाजूला ठेवा.

आणि नियम बदलायचा असेल तर त्यासाठीही पुल रिक्वेस्टच. व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेलं ठरलं असं धरायचं नाही. तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली निर्णय हरवतात.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी शब्दसूची वाचायला द्या आणि त्यात एक शब्द वाढवायला सांगा. मागच्या महिन्यात रुजू झालेल्या मुलीनं 'नासकं' हा शब्द घातला. फॅट लागलंय, लिटर लागलेत, पण दूध परत केलंय, अशा नोंदीला आमच्याकडे नावच नव्हतं. आम्ही दर शून्य टाकून वेळ मारून नेत होतो. तिच्या घरी चार म्हशी आहेत.